रक्त दिसेपर्यंत

पत्र्याची वसाहत, ता. औसा
१२ जून १९९४

पंढरीदादांस आनंदराजचा सप्रेम जयभीम.

लग्नाला दोन महिने झाले. चांगुणा इथं रुळते आहे. भूकंपात तिचा नवरा गेला, माझी बायको गेली. आपण दोघांनी बसून हे जुळवलं तेव्हा लोक हसले होते, आता हसत नाहीत. वसाहतीत असे सतरा संसार नव्यानं उभे राहिलेत.

शेड एकच आहे. मध्ये गोणपाटाचा पडदा लावला आहे. अलीकडं मी आणि सुमेध, पलीकडं चांगुणा आणि प्रिया. दिवा मात्र एकच. सुमेध बारावीला दुसऱ्यांदा बसतोय. भूकंपाच्या दिवशी तो लातूरच्या खोलीवर होता. उजाडता पळत आला आणि पहारीनं त्यानं आपल्या आईला उकरून काढलं. तेव्हापासून पुस्तकात त्याचं मन लागत नाही. वीस वर्षांचा आहे, अंगानं माझ्या दीडपट. तुमची भाची प्रिया मात्र दहावीला आहे आणि पोरगी हुशार आहे.

पत्र लिहायचं कारण वेगळंच. एका संस्थेनं वसाहतीत घरटी बारा कोंबड्या वाटल्या. गिरिराज जातीच्या आहेत, एकेक तीन-तीन किलोची. चांगुणानं येताना आपल्या सात गावरान आणल्या. त्या भूकंपाच्या पहाटे लिंबावर झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. आता एकाच खुराड्यात थोरल्या आणि धाकट्या. दिवसभर मारामारी चालते. तुम्ही तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढलीत, घरी कोंबड्या पाळता. काय करावं ते सविस्तर लिहा. मी गावचा कोतवाल, मला पंचनामा करता येतो, कोंबड्या येत नाहीत.

आपला,
आनंदराज

---

कंधार
२१ जून १९९४

आनंदराज दाजींस सप्रेम जयभीम.

पत्र वाचून बरं वाटलं. थोरल्या-धाकट्या एकत्र राहतात. माझ्याकडं राहतात. पण काही गोष्टी पाळाव्या लागतात.

दाणा एका जागी टाकू नका, तीन जागी टाका. एक थोरली एका वेळी तीन जागा अडवू शकत नाही. खुराड्याच्या एका कोपऱ्यात आडवी फळी ठोका आणि खाली वीतभर फट ठेवा. धाकटी त्यातून आत जाईल, थोरली जाणार नाही. पळायला जागा असली की निम्मी भांडणं होत नाहीत. बसायच्या दांड्या दोन उंचीवर बांधा. जड कोंबडी उंचावरून उडी मारते आणि पायानं अधू होते, म्हणून तिला खालची. थोरला कोंबडा मात्र वेगळा ठेवा. धाकटीच्या पाठीला त्याचं वजन सोसत नाही.

आता मुख्य गोष्ट. भांडतील. पहिले काही दिवस भांडू द्या. वर कोण, खाली कोण, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. एकदा ठरलं की शांत होतात. माणूस सारखा मध्ये पडला की ते ठरतच नाही आणि भांडण लांबतं. म्हणून रक्त दिसेपर्यंत हात घालू नका. रक्त दिसलं की मात्र एक क्षण थांबू नका, ती कोंबडी उचला. लाल रंग बघितला की बाकीच्या सगळ्या त्याच जागी टोचतात. जांभळ्या औषधाची बाटली सोबत पाठवतो. जखमेवर लावा, लाल दिसत नाही.

मी संध्याकाळी बुद्धवंदनेला बसतो तेव्हा खुराडं समोर असतं. सोबत राहणं ही सवयीची गोष्ट आहे, असं मला रोज वाटतं.

चांगुणाला आणि प्रियाला आशीर्वाद. सुमेधलाही.

आपला,
पंढरी

---

पत्र्याची वसाहत, ता. औसा
१८ जुलै १९९४

पंढरीदादांस सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. नंतर शेजारच्या केवळाबाईनं मागून नेलं, तिच्याकडंही तोच घोळ होता. वसाहतीत तुमचं नाव झालंय.

दांड्या बांधल्या, फळी ठोकली, दाणा तीन जागी टाकतो. कोंबडा अजून वेगळा केला नाही, त्याच्यासाठी पत्रा मिळत नाही. भांडणं होतात पण मी बघत बसतो. चांगुणाला बघवत नाही. ती काठी घेऊन धावते. मी म्हणतो, "बस खाली. दादानं काय लिवलंय? रक्त दिसलं का?" ती म्हणते, "दिसल्यावर काय उरंल?" बाईमाणसाचं काळीज.

घरातही हाच कायदा लावायचा ठरवलंय. परवा दिव्यावरून सुमेध आणि प्रिया भांडली. सुमेध म्हणाला, "माझी बारावी हाय, तिची काय घाई?" प्रिया म्हणाली, "तुजी बारावी दोन वर्सं झाली चालूच हाय." यानं तिची भूगोलाची वही चुलीत टाकली. चांगुणा उठली. मी तिला बसवलं. म्हटलं, दोन पोरं नव्यानं एका छताखाली आलीत, त्यांचं त्यांना ठरवू दे. आपण मध्ये पडलो तर जन्मभर ठरायचं नाही.

प्रियाच्या मुख्याध्यापिका महादेवी बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, हिला लातूरला अकरावीला घाला, पोरगी डॉक्टर होईल. लातुरात आता दर गल्लीत शिकवणी आणि दर घरावर 'खोली मिळेल'ची पाटी. कुठकुठली पोरं येतात. सुमेध ते ऐकत होता. बाई गेल्यावर त्यानं ताट भिरकावलं. राग निघून जाईल.

आपला,
आनंदराज

---

कंधार
२ ऑगस्ट १९९४

आनंदराज दाजींस सप्रेम जयभीम.

तुम्ही चांगुणाला बसवलंत ते बरं केलंत. ती लहानपणापासून अशीच, दुसऱ्याच्या भांडणात आधी रडणारी. सुमेधनं फार सोसलंय. त्याला थोडा वेळ द्या. आवाज चढवून माणूस जागेवर येत नाही, हे मी दवाखान्यात बैलांवर शिकलो आणि विहारात माणसांवर.

प्रियाला नवी वही पाठवतो. तिला सांगा, मामानं सांगितलंय, पहाटे अभ्यास कर. तेव्हा दिव्यावर कुणाचा हक्क नसतो.

कोंबडा तेवढा वेगळा करा.

आपला,
पंढरी

---

पत्र्याची वसाहत, ता. औसा
९ नोव्हेंबर १९९४

पंढरीदादांस सप्रेम जयभीम.

बरेच दिवस पत्र नाही, माफी असावी. कोंबड्यांचं वाईट झालं. कोंबडा वेगळा करायचा राहिला तो राहिलाच. त्यानं एका गावरान कोंबडीची पाठ सोलून काढली. मी सकाळी तहसीलला गेलो होतो. आलो तर ती कोपऱ्यात, आणि अकरा थोरल्या तिच्याभोवती. जिवंत होती. शेपटीच्या मुळाशी भोक पाडून आतडी ओढून खात होत्या, आणि ती उभी होती. ओरडत नव्हती. मला वाटतं, ओरडायचं संपलं होतं. चांगुणानं तिची मान मोडली. तिच्या हाताला कोंबडीचं रक्त लागलं होतं, तर एक थोरली त्या हातालाच टोचायला धावली.

आणखी दोन अशाच गेल्या. आता धाकट्या चार उरल्यात. त्या फळीखालून बाहेर येत नाहीत. दाणा आत टाकावा लागतो.

तुमच्या जांभळ्या औषधाचा मात्र फार उपयोग होतो. आणखी एक बाटली पाठवा.

प्रिया हापशावर घसरून पडली. हाताला पलिस्तर आहे. काळजीचं कारण नाही.

आपला,
आनंदराज

---

कंधार
१८ नोव्हेंबर १९९४

आनंदराज दाजींस सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. कोंबडा आजच्या आज कापा किंवा द्या कुणाला. चार धाकट्या उचलून वेगळ्या ठेवा. एकदा कोंबड्यांना रक्ताची चटक लागली की मी सांगितलेलं काही चालत नाही. तेव्हा फक्त वेगळं करायचं.

बाटली पाठवतो. पण पहिली पाच महिन्यांत कशी संपली? ती शंभर कोंबड्यांना पुरते.

प्रियाचा कोणता हात? मार्चमध्ये परीक्षा आहे.

पंढरी

---

पत्र्याची वसाहत
४ डिसेंबर १९९४

मामा,

तुम्ही विचारलंत कोणता हात. उजवा. हे डाव्यानं लिहिते आहे. चार दिवस लागले. महादेवी बाई पत्र टाकणार आहेत.

मी हापशावर पडले नाही. सुमेधनं माझा हात उंबऱ्यावर ठेवून वर पाय दिला. मी अर्ज भरला होता, दहावीचा. तो म्हणाला, "लातूरला जाणार तू? माझ्या खोलीत ऱ्हाणार? लिव मग आता." आवाज आला. ऊस मोडल्यासारखा. आई ओरडली. काका दारात बसले होते. त्यांनी विचारलं, "रक्त निगालं का?" आई म्हणाली न्हाई. काका म्हणाले, "मग ओरडू नको."

हाड आत मोडलं होतं मामा. आत मोडलं की रक्त निघत नाही.

औषध कुठं गेलं ते सांगते. पोळ्याच्या दिवशी त्यानं माझं डोकं पत्र्यावर आपटलं. कपाळ फुटलं. काकांनी ते जांभळं औषध लावलं. म्हणाले, आता लाल दिसत न्हाई. दसऱ्याला कान. नंतर आईची भुवई. वर्गात पोरी मला जांभळी म्हणतात.

काका वाईट नाहीत. मारत नाहीत, शिवी देत नाहीत. मला वही आणतात. पण तुमचं पत्र त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवलंय आणि काही झालं की काढून वाचतात. आई म्हणते, दादाला असं म्हणायचं नसंल. मी म्हणते, मग दादानं यावं आणि सांगावं.

सुमेधला वाटतं मी त्याच्या आईच्या जागेवर झोपते. मी कुठं झोपू?

पलिस्तर पंधरा तारखेला निघणार आहे. मला परीक्षा लिहायची आहे. बाकी कशाचं काही नाही.

तुमची,
बुद्धप्रिया

---

कंधार
१४ डिसेंबर १९९४

आनंदराज,

रविवारी मी आलो तेव्हा तुम्ही घरी नव्हता. जे घडलं ते तुम्ही सुमेधकडून ऐकलं असेल. माझ्याकडूनही ऐका. मी काही कमी करून सांगणार नाही.

शेडात शिरलो आणि प्रियाला म्हणालो, "चल बाळा, पिशवी भर." सुमेध खुराड्याजवळ होता. आडवा आला. "कुठं न्हेता हिला?" मी म्हणालो, "कंधारला." तो हसला. "वा मामा! कायदा तुमचाच आन् तुम्हीच मोडता? रक्त दिसलं का?" मी म्हणालो, "बाजूला हो." त्यानं प्रियाचा हात धरला. पलिस्तरचा. धरून ओढला. ती जमिनीवर पडली आणि तो ओढतच राहिला. पलिस्तर मनगटापाशी तुटलं. तिनं जो आवाज काढला तो मी दवाखान्यात जनावराकडूनही ऐकला नाही.

खुराड्याची वरची दांडी माझ्या हाताला लागली. बाभळीची. मीच तुम्हाला बांधायला सांगितलेली. ती मी त्याच्या तोंडावर मारली. दात पडले, तो खाली बसला, प्रियाचा हात त्यानं सोडला. तिथं थांबायला हवं होतं. पोरगी सुटली होती. मी थांबलो नाही. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला असताना मी पुन्हा मारलं, डोक्यात. आणि मला बरं वाटलं. हे मी तुम्हाला लिहितो आहे कारण दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. वीस वर्षं रोज संध्याकाळी 'पाणातिपाता वेरमणी', जीवहिंसा करणार नाही, असं म्हणणारा माणूस मी. मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा चांगुणानं दांडी धरली.

चांगुणाला म्हणालो, तूही चल. ती सुमेधचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, पदरानं पुसत होती. म्हणाली, "एकदा घर पडलं दादा. दुसऱ्यांदा म्या पाडणार न्हाई. पोरीला घेऊन जा. हॉल तिकीट शाळंत येईल, ते कोण आणंल?" मी तिला सोडून आलो.

प्रियाचा हात नांदेडच्या दवाखान्यात पुन्हा बसवला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने. बोटं मिटतील की नाही ते पलिस्तर निघाल्यावर कळेल. परीक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे.

आता माझा नियम. कोंबडीचा मेंदू हरभऱ्याएवढा असतो. तिला बाप नसतो. म्हणून मी तिला तिच्यावर सोडतो. तुम्ही बाप होता, दारात बसला होता. पण जुलैच्या पत्रात तुम्ही चांगुणाला बसवल्याचं लिहिलंत आणि मी 'बरं केलंत' असं उत्तर दिलं. कोंबड्यांबद्दल नव्हे, माणसांबद्दल दिलं. माझ्याच हातचं आहे ते. मला सगळं शहाणपणाचं वाटत होतं.

ते पत्र जाळा. सुमेधच्या दवाखान्याला मी येईन. पोलिसांत द्यायचं तर द्या, मी नाही म्हणणार नाही.

पंढरी

---

औसा
२२ फेब्रुवारी १९९५

पंढरीदादांस जयभीम.

दोन महिने उत्तर दिलं नाही. आता गळ्याजवळचं हाड मोडलंय, तेव्हा हळूहळू लिहितो.

पोलिसांत मी गेलो नाही. सुमेधचे टाके निघाले. वरचे चार दात गेले. तो घरात बोलायचा बंद झाला. मला वाटलं, शांत झाला. कोंबड्या मी तेव्हाच संस्थेच्या माणसाला परत नेऊन दिल्या, कोंबड्यासकट. चार गावरान तेवढ्या राहिल्यात.

गेल्या आठवड्यात सोमवारी शाळेत प्रियाचं हॉल तिकीट आलं. चांगुणानं ते आणून पोलक्यात ठेवलं. सुमेधला कळलं. तो म्हणाला, "दे." ती म्हणाली, "देत न्हाई." त्यानं तिला चुलीवर ढकललं. आधणाचं भांडं पडलं, तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. ती उठली आणि पुन्हा म्हणाली, "देत न्हाई." मी दारात होतो. नेहमीच्या जागी. त्यानं पहार उचलली. तीच पहार.

मी म्हणालो, "सुमेध, ठेव."

तो माझ्याकडं वळला. दात नाहीत म्हणून शब्द नीट फुटत नाहीत, पण हे मला नीट ऐकू आलं. म्हणाला, "बसा की. त्या दिशी बी बसूनच हुता."

दादा, ते खरं आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, चांगुणालाही नाही. भूकंपाच्या पहाटे मी बाहेर होतो, बैल बांधायला उठलो होतो. घर माझ्यासमोर बसलं. सुमेधची आई आत ओरडत होती. मी समोरच्या दगडावर बसलो आणि मला उठता येईना. अंगाला कुठं खरचटलं नव्हतं. फक्त उठता येईना. लातूरहून पोरगा येईपर्यंत तीन तास ती ओरडत होती आणि मी बसलो होतो. तो आला, त्यानं घाईनं पहार घातली आणि ती पहार तिच्या छातीत गेली. पंचनाम्यात मी 'दगडाचा मार' लिहिलं. त्याला आणि मला दोघांनाच माहीत.

तुमचं पत्र मला का आवडलं होतं ते आता कळलं असेल. त्यात बसून राहायला नाव मिळत होतं. दोष तुम्ही घेऊ नका. तुम्ही लिहिलं नसतं तर मी दुसरं कुणाचं शोधलं असतं.

सोमवारी मी उठलो. एवढंच. काही शौर्य नाही. चांगुणाच्या आणि पहारीच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. पहार माझ्या खांद्यावर आली. मी पडलो, पुन्हा उठलो, त्याला कवळ घातली. त्यानं मला गुडघ्यांनी, डोक्यानं, जिथं लागेल तिथं मारलं. पत्र्याची भिंत फाटली. मी सोडलं नाही. मग तो रडायला लागला. लहान असताना रडायचा तसा, श्वास न घेता. मी म्हणालो, "तू न्हाई मारलं तिला. म्या मारलं." तो म्हणाला, "ठाव हाय." आणि मला ढकलून निघून गेला. आज नऊ दिवस झाले, पत्ता नाही. कुणी म्हणतं सोलापूरला दिसला. मी शोधतो आहे. तो माझा मुलगा आहे.

चांगुणा औशात महादेवी बाईंच्या घरी आहे. मीही बाहेरच्या ओसरीवर असतो. प्रियाचं केंद्र औशालाच आहे. परीक्षा संपेपर्यंत तिनं बाईंकडंच राहावं. वसाहतीत पाय ठेवायची गरज नाही. तुम्ही तिच्याबरोबर रोज केंद्राच्या फाटकापर्यंत जा. मी तेव्हा ओसरी सोडेन, समोर येणार नाही.

हॉल तिकीट माझ्याकडं आहे. पोस्टावर भरवसा नाही म्हणून पाठवत नाही, बाईंकडंही ठेवलं नाही. बुधवारी एक तारखेला तुम्ही दोघं अहमदपूरवरून सकाळच्या गाडीनं लातूरला या. औशाच्या गाड्या लागतात तिथं मी उभा असेन. प्रिया औशाच्या गाडीत बसली की तिला खाली उतरायला लावू नका, माझ्याशी बोलायलाही सांगू नका. खिडकीपाशी बसवा आणि उजवा हात बाहेर काढायला सांगा. तिकीट मी तिच्या बोटांत देईन. ती मिटतात का, तेवढं मला बघू द्या.

आनंदराज